उताऱ्यावरील प्रश्न

तीनशे वीस शब्द, वर एकही नको,
अवघड शब्द पाचच्या आत,
राजकारण नको, देव नको, मरण शक्यतो नको,
असं मिस फंगनं पहिल्याच मेलमध्ये कळवलेलं.
उताऱ्याला बाराशे रुपये.
अकरावीची पोरं, चीनमधल्या कुठल्याशा जिल्ह्यातली,
माझं इंग्रजी वाचणार
आणि चारांतला एक गोल काळा करणार.

मणेराजुरीत बसून मी दीपगृह लिहिलं,
पेंग्विन लिहिले,
लंडनमध्ये हरवलेला एक कुत्रा लिहिला, तो सापडलाही.
मग विषय संपले.
मार्च होता. शेजारच्या शेडमधून
गंधकाची धुरी खिडकीत आली, घसा खवखवला,
आणि मी चंपाक्काला लिहून टाकलं.

इंग्रजीत ती फारच सोपी झाली.
रॅकचे अकरा मजले, हिरवी जाळी,
डिपिंगच्या तेलानं कायमची गुळगुळीत झालेली बोटं.
काड्या निवडताना तोंडातल्या तोंडात चाललेल्या शिव्या
गाळल्या.
मागल्या साली सहा बॉक्स चोरीला गेले, ते घेतलं.
शेडमध्ये रात्रभर बल्ब जळतो, ते घेतलं.
आदगोंडा घेतला नाही.
बेदाण्याच्या ट्रकवर बसून तो मद्रासकडे गेला
त्याला एकोणीस हंगाम झाले,
आणि तेवढे शब्द शिल्लक नव्हते.

प्रश्न तिसरा. ती रात्री दिवा का चालू ठेवते?
अ. बेदाणा लवकर वाळावा म्हणून.
ब. चोरांच्या भीतीनं.
क. पाखरं आत येऊ नयेत म्हणून.
ड. कुणाची तरी वाट बघते म्हणून.
उत्तर ब. ओळ नववी पाहा.
ड उगाच घातलेला. चौथा पर्याय लागतोच.

चाचणीचे आकडे आले.
चारशे बारा पोरं, त्यातल्या दोनशे एकावन्न जणांनी
ड काळा केला.
हुशार पोरांनी जास्तच.
मिस फंगनं लाल अक्षरात लिहिलं,
प्रश्न सदोष, ड ला उताऱ्यात आधार नाही,
कृपया दोन दिवसांत दुरुस्ती.

मी उतारा घेऊन बसले, परीक्षेला बसल्यासारखी.
बोट ठेवून एकेक ओळ.
दहाव्या ओळीत सापडलं.
'ती अजूनही दिवा चालू ठेवते' असं मी लिहिलं होतं.
स्टिल. पाच अक्षरं इंग्रजीत, मराठीत चार.
चोर तर गेल्या सालचे,
मग अजूनही कशाला?
माझ्या नकळत राहिलेल्या त्या फटीतून
दोनशे एकावन्न पोरं वाकून आत शिरली,
रॅकमधून चालत टोकापर्यंत गेली,
आणि रिकाम्या खाटेजवळ उभी राहिली.

मिस फंगला हे कळवायला बसले आणि उठले.
'अजूनही' खोडला.
प्रश्न निर्दोष झाला.
दुसऱ्या खेपेला बहुतेक पोरं मुकाट चोरांकडे गेली.
बाराशे रुपये जमा.

संध्याकाळी चंपाक्का सुपात बेदाणा घेऊन बसलेली.
'माझ्यावरचा धडा गेला काय गं चीनला?'
गेला.
'मग? झाली का पोरं पास?'
आधी चुकली, म्हटलं. त्यांना वाटलं, दिवा
कुणाची तरी वाट बघायला आहे.
तिनं एक काडी मोडली. मग दुसरी.
काळा पडलेला दाणा उचलून बाहेर टाकला,
तो कोंबडीनं टिपला.
'आणि तू चूक दिलीस?'
उत्तर ब होतं आक्का, चोर.
'चोर बी हायतच की,' ती म्हणाली,
सूप एकदा पाखडलं,
'पर अर्धा मार्क तरी द्यायचास.'